व्हायकिंग मुलीच्या काचेसमोर

माझ्या लेकीला व्हायकिंग लोकांचं वेड लागलं ते ती दुसरीत असताना. शाळेच्या ग्रंथालयातून तिनं एक चित्रांचं पुस्तक आणलं. त्यात ड्रॅगनच्या तोंडाची लांबलचक होडी होती. त्या सुमारास आमच्याकडे नवा फ्रिज आला होता. त्याचा खोका हॉलमध्ये आडवा पडला, त्याची होडी झाली, आणि माझी दोन लाटणी वल्ही म्हणून गेली ती महिनाभर परत मिळाली नाहीत. बर्फातल्या त्या दाढीवाल्यांचा आणि इंदिरानगरातल्या आपल्या फ्लॅटचा काय संबंध, असं माझा नवरा तिला चिडवायचा. ती शांतपणे म्हणायची की पलीकडे काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, तरी ते गेले.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. इतिहासातलं मला फारसं कळत नाही. पण त्याच उन्हाळ्यात मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात व्हायकिंग लोकांच्या वस्तूंचं प्रदर्शन आल्याचं पेपरात वाचलं, आणि एका शनिवारी पहाटे आम्ही तिघं गाडी काढून निघालो. लेकीनं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण केलं होतं, दोन्ही बाजूंना शिंगं चिकटवलेलं. कसारा घाट उतरेपर्यंत ते तिच्या डोक्यावर होतं.

प्रदर्शनातल्या माहिती सांगणाऱ्या माणसानं ते शिरस्त्राण पाहिलं आणि अगदी हळुवारपणे तिला सांगितलं की त्यांच्या शिरस्त्राणांना शिंगं नसायची. ती नंतरच्या चित्रकारांची करामत. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, शिंगं उपटली आणि माझ्या पर्समध्ये कोंबली. पुढचा तासभर ती सगळं नीट बघत होती. सांबराच्या शिंगापासून केलेला बारीक दातांचा कंगवा, होडीचे गंजलेले खिळे, एक छोटा तराजू. एवढे राकट लोक केस विंचरायचे याचं तिला फार नवल वाटलं.

मग एका काचेत लोखंडी कडं दिसलं, साखळीसकट. ते गळ्यात घालायचं होतं. पकडून आणलेल्या माणसांना विकायला नेताना हे घालत, असं पाटीवर लिहिलं होतं. तिनं पाटी दोनदा वाचली. कडं लहान होतं. कोणाच्या गळ्याचं असेल, असं तिनं मला विचारलं.

परतीच्या वाटेवर इगतपुरी मागे पडली. मग मागच्या सीटवरून ती म्हणाली, "मी आता त्यांच्या बाजूची नाही."

पुढे महिन्याभरात तिनं स्वतःच तोडगा काढला. होड्या बनवणारे आणि कंगवे बनवणारे व्हायकिंग तिला चालणार होते, माणसं पकडणारे नाही. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. मूल एखादी गोष्ट ऐकतं, ती आत नेऊन ठेवतं आणि आपल्यापुरता निवाडा करतं, आपल्याला मात्र पत्ता नसतो, हे काही मला तेव्हा उमगलं नाही.

यंदा मार्चमध्ये आमच्या नाशकातच तसलं एक प्रदर्शन आलं. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये, पंधरा दिवसांसाठी. खऱ्या वस्तू नव्हत्या. साच्यातून काढलेल्या हुबेहूब प्रतिकृती, मोठमोठे फलक आणि मधोमध लाकडी होडी. लेक आता नऊ वर्षांची, चौथीत. नवऱ्याला रविवारी कामावर जायचं होतं, म्हणून आम्ही दोघीच स्कूटरवरून गेलो. एका कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या बाई स्वखुशीनं माहिती सांगत होत्या. लेकीनं आल्या आल्या त्यांना शिंगांविषयी सांगून टाकलं, त्यामुळे त्या खूश झाल्या आणि आमच्याबरोबरच फिरू लागल्या.

होडीच्या मागे एक अंधारी खोली होती. तिथं एकच काच होती आणि तिच्यात मातीच्या रंगाच्या वाळूत एक सांगाडा. लहान मुलीचा. सहा-सात वर्षांची असेल, असं बाई म्हणाल्या. छातीवर गोल सोनेरी पिन, गळ्यापाशी रंगीत काचमण्यांची माळ, कमरेजवळ सुया ठेवायची हाडाची नळी. हातापायांची हाडं बोरूएवढी. ही हाडं खरी नाहीत, बाईंनी लगेच सांगितलं, पोरं घाबरतात म्हणून आधीच सांगते.

"पण मुलगी खरी होती ना?" लेकीनं विचारलं.

बाई हो म्हणाल्या. कशानं गेली ते कुणाला माहीत नाही.

मला तिथं थांबायचं नव्हतं. लेकीचा हात धरून मी वळलेसुद्धा. पण तिला अजून विचारायचं होतं. बाहेरच्या फलकावर होडीत ठेवून जाळलेल्या सरदाराचं चित्र होतं, मग हिला का जाळलं नाही? बाई म्हणाल्या की त्यांच्यात दोन्ही रीती होत्या, काहींना जाळत, काहींना पुरत. लेकीनं समजल्यासारखी मान हलवली. आणि घरचा पत्ता सांगावा तितक्या सहज म्हणाली, "आमच्यात मोठ्यांना जाळतात आणि बाळांना पुरतात. माझ्या ताईला पुरलंय. चांदवडला, आबांच्या मळ्यात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मला काय झालं ते सांगायचं तर, पहिल्यांदा काहीच झालं नाही. एसीचा आवाज फार मोठा वाटू लागला. लेकीच्या बुटाची नाडी सुटलेली मला दिसली, आणि मी खाली बसून ती बांधली. मग दुसऱ्या बुटाची, जी सुटलेली नव्हती, ती सोडून पुन्हा बांधली. बाईंनी मला दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि काही न विचारता लेकीला होडी दाखवायला घेऊन गेल्या. त्या बाईंचे आभार मानायचे राहून गेले.

लेकीच्या आधी मला एक मुलगी झाली होती. अकरा वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात. दोन दिवस ती काचेच्या पेटीत होती. मला चाकाच्या खुर्चीवरून एकदाच नेऊन दाखवलं, तिच्या नाकात नळी होती आणि डोक्यावर माझ्या ओंजळीत मावेल एवढी टोपी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. माझं सिझेरियन झालेलं, अंगात ताप. नवरा आणि सासरे तिला घेऊन गेले. बायका जात नाहीत. संध्याकाळी नवरा परत आला, हात धरून बसला आणि सगळं नीट झालं एवढंच म्हणाला. मी कुठे म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं झालं असतं.

मी धरून चालले की नदीकाठच्या स्मशानभूमीत. नाशकात दुसरं कुठे असणार? माझं ऑफिस पंचवटीत आहे. मला नदीकाठचा रस्ता जवळचा, पण अकरा वर्षं मी त्या रस्त्यानं गेले नाही. रोज द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास घालवला, धूर खाल्ला, पण तिथून गेले नाही. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं मला रस्ते कळत नाहीत. आणि चांदवडला सासऱ्यांच्या मळ्यात मी दर दिवाळीत जात होते. विहिरीपलीकडच्या बांधावर सतरंजी टाकून आम्ही बायका-पोरं जेवलो आहोत. लेक रांगायला लागली ती त्या मळ्यात. मी तिथं हसले आहे, झोपले आहे, कांद्याच्या पातीची भाजी निवडत गाणी म्हटली आहेत. बाकावर बसल्या बसल्या मला हे एकेक आठवत गेलं.

आणि ताई. मी त्या बाळाला मनातसुद्धा कधी नाव दिलं नव्हतं. माझी धाकटी मात्र तिला ताई म्हणत होती.

पार्किंगमध्ये स्कूटरपाशी मी तिला विचारलं की हे तुला कोणी सांगितलं. आबांनी, ती म्हणाली. मागच्या दिवाळीत. लिंबाच्या झाडाखाली आबा रोज सकाळी तांब्याभर पाणी ओततात, ते का, असं तिनं विचारलं होतं, आणि आबांनी सांगितलं. आईपुढे आपण होऊन विषय काढू नकोस, तिला त्रास होतो, असंही सांगितलं होतं. म्हणून तिनं काढला नाही. आज त्या बाईंशी बोलताना तोंडातून गेलं. चुकलं का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"आई, तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं, मी म्हणाले. तिचा चेहरा उतरला. नऊ वर्षांच्या मुलीनं चार-पाच महिने माझी काळजी घेतली होती, आणि आता मला तिची घेता येत नव्हती.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या विचारलं. मला भांडायचं होतं. दिवसभर मी वाक्यं तयार करून ठेवली होती. पण त्याचा चेहरा पाहून ती सगळी विसरले. त्याच्या हातातला डबा त्यानं खाली ठेवला आणि म्हणाला, "आईनं तुला सांगितलं नव्हतं?"

त्याची समजूत अशी की त्याच्या आईनं मला दवाखान्यातच सांगितलं. तसं ठरलं होतं. हे बायकांनी बायकांना सांगायचं. मी कधी विषय काढत नाही म्हणजे मला नको आहे, असं त्यानं धरलं. सासूबाईंनी का सांगितलं नाही ते आता कळायला मार्ग नाही, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. कदाचित माझा ताप उतरायची वाट बघत राहिल्या, आणि मग उशीर झाला. तो स्वतःही त्या लिंबाजवळ त्यानंतर कधी गेला नव्हता. मळ्यात गेला की विहिरीच्या अलीकडेच थांबायचा. ते मला कधी जाणवलंसुद्धा नव्हतं. एका ताटात जेवणारी दोन माणसं, आणि एवढी मोठी गोष्ट दोघांच्या मध्ये तशीच पडून होती.

पुढच्या रविवारी आम्ही चांदवडला गेलो. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती. मजूर बायका ओळीनं बसून पात कापत होत्या, कांदे साठवायच्या चाळीशेजारी ढीग. सासऱ्यांना नवऱ्यानं फोन केलेला होता. ते नेहमीसारखे पुढे आले नाहीत. ओट्यावर बसून राहिले, टोपी मांडीवर. मी पाया पडले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

मग ते स्वतःच सांगू लागले. नाशकात नदीकाठच्या स्मशानातल्या माणसानं जागा दाखवली होती, पण आदल्या दिवशी पाऊस झालेला, चिखल होता आणि कुत्री फिरत होती. "मला काय तिथं ठेववंना, पोरी. म्हटलं, आपली जमीन हाय, आपल्या घरात नेऊ." जीपमध्ये पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन ते बसले आणि माझ्या नवऱ्यानं गाडी चालवली. नाशिक ते चांदवड. हायवेवर ट्रक अडकले होते, दोन तास लागले. "एवढीशी व्हती. पण वजन लय वाटत व्हतं."

नवरा ओट्याच्या कडेला उभा होता. त्यानं तोंड फिरवलं.

आम्ही लिंबाकडे गेलो. लेक आबांचा हात धरून पुढे. झाड चांगलं फोफावलेलं, खाली तीन दगड, ओल्या मातीचं आळं. बस. मी इतक्या वेळा त्या झाडाची लिंबं घेऊन गेले होते की ते मनात येताच मी बांधावर बसले.

लेकीनं मग आबांना विचारलं, प्रदर्शनातल्या मुलीजवळ मणी होते, सुया होत्या, तसं ताईजवळ काही ठेवलं का? मी तिला गप्प करणार होते. आबांनी मात्र सरळ उत्तर दिलं. त्यांचं उपरणं. आणि चांदीचे वाळे. "तुझ्या आजीनं दिलं व्हतं. म्हणली, पोरीचं हायेत, पोरीसंगं जाऊ द्या."

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. ते वाळे माझ्या आईनं करून आणले होते, दवाखान्यात, बाळ पेटीत असतानाच, मोठ्या हौसेनं. माझ्या खाटेजवळच्या खणात ते होते. बाळ गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी खण उघडला तर नव्हते. आमच्या वॉर्डात एक आयाबाई होत्या. रात्री-अपरात्री मला उठवून बसवायच्या, पाठ चोळायच्या. खण त्याच पुसत. मी त्यांचं नाव घेतलं. नुसतं घेतलं नाही, मोठ्या सिस्टरला बोलावून, सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात घेतलं. बाळासाठी ओरडता येत नव्हतं, वाळ्यांसाठी आलं. त्या बाई काहीतरी सांगत होत्या, मी ऐकलं नाही. सासूबाई त्या वेळी घरी गेल्या होत्या. डिस्चार्ज मिळाला आणि मी ते सारं मागे टाकून आले. पुढे कामवालीवर लक्ष ठेवायला सांगताना हा किस्सा मी मैत्रिणींना सांगितलासुद्धा, उदाहरण म्हणून.

लिंबाखाली मला जो धक्का बसला तो प्रदर्शनातल्यापेक्षा मोठा होता. तिथं मला काय माहीत नव्हतं ते कळलं म्हणून मी हादरले. इथं मी काय केलं होतं ते कळलं.

घरी आल्यावर तीन दिवस मी हे मनातच ठेवलं. मग नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, इतक्या वर्षांनी कशाला शोधायचं, त्या बाईंनाही नको असेल. पण मला राहवेना. दवाखाना अजून आहे, नवीन मजले चढलेत. चौकशी केली तर एका जुन्या सिस्टरना त्या बाई आठवल्या. तक्रारीनंतर त्यांना वॉर्डातून काढून धुण्याच्या खोलीत घातलं होतं. पुढे दोनेक वर्षांनी त्यांनी काम सोडलं. मूळ पेठ तालुक्यातल्या, पण आता मुलाकडे पंचवटीतच राहतात. माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर.

मी एकटी जाणार होते. आमचं बोलणं ऐकलेली लेक म्हणाली, मी येते. सगळं कळलेल्या माणसाला घरी ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून नेलं.

दोन खोल्यांचं घर, दारात कुंडीत तुळस. बाई थकल्या होत्या, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. मी दवाखान्याचं नाव घेतल्यावर त्यांनी आम्हाला आत बसवलं. मी सगळं सांगितलं. बाळ, खण, वाळे, मी काय बोलले, आणि वाळे कुठे निघाले. मग चष्मा सारखा करून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, अशा लय जणींनी तक्रारी केल्या. तुमची कोणती? खिडकीजवळची खाट का दाराजवळची?"

दाराजवळची, मी म्हणाले.

त्या आठवू लागल्या. खरंच आठवू लागल्या, मला बरं वाटावं म्हणून. पण त्यांना आठवेना. एकीचं घड्याळ हरवलं होतं, एकीची अंगठी बेसिनमध्ये सापडली होती, एकीनं पैसे नवऱ्याजवळ दिल्याचं विसरून गोंधळ घातला होता. माझे वाळे त्या सगळ्यात कुठे होते ते त्यांना सांगता आलं नाही. अकरा वर्षांनी का होईना, मी चूक कबूल करायला गेले होते, आणि ती चूक एवढ्या जणींच्या चुकांमध्ये मिसळून गेली होती की त्यांना ती वेगळी काढता येत नव्हती. मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, जाऊ द्या अशा अर्थानं. पण धुण्याच्या खोलीतलं काम जड होतं, एवढं मात्र म्हणाल्या. तिथं सोडा होता, हात फाटायचे.

मग त्यांनी लेकीला जवळ बोलावून कितवीत आहेस विचारलं. चौथीत, ती म्हणाली. हिच्या वेळेला कोणत्या दवाखान्यात होता, असं त्यांनी मला विचारलं. मी दुसऱ्या दवाखान्याचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, "माझ्यात साखर कमी, पाहुण्यांच्यात नेहमीची."